जुना रोबोट हात घेऊन थर्माकोल पॅटर्नचं मिलिंग (भोसरी): उभा कट ठीक, तिरक्या कटला पायरी येते

पॅटर्नशॉप (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक लिहितोय, पण अर्धवट माहिती देऊन तुमचा वेळ घालवायचा नाही.

भोसरी एमआयडीसीत आमचा पॅटर्न शॉपचा गाळा आहे. बाबांनी सुरू केला, ते सागवानी पॅटर्न करायचे. आता बहुतेक काम थर्माकोलचं आहे: मशीनचे बेड, प्रेस टूलच्या डाया. फाउंड्रीवाले पॅटर्न वाळूत पुरतात आणि लोखंड ओततात. थर्माकोल जळून जातो, त्याच्या जागी कास्टिंग उभं राहतं. म्हणजे एका कास्टिंगला एक पॅटर्न, चुकला तर पुन्हा पहिल्यापासून. दोन-अडीच मीटरचे ठोकळे आम्ही आजवर तापल्या तारेने कापून, चिकटवून, घासून करत आलो. तेवढ्या मापाचं सीएनसी राउटर बजेटबाहेर होतं, म्हणून दिवाळीनंतर कारच्या वेल्डिंग लाइनवरून निघालेला कुका केआर २१० घेतला, केआरसी-२ कंट्रोलरसकट. २१० किलो उचलतो, पोहोच २७०० मिमी.

जाड लोखंडी प्लेटवर बोल्ट केलाय, प्लेट फरशीत केमिकल अँकरने धरलीय. फ्लँजवर (मनगटाच्या टोकाची चकती) ब्रॅकेट करून स्पिंडल, म्हणजे कटर फिरवणारी मोटर, काटकोनात लावलाय, २४,००० आरपीएमचा. कॅम सॉफ्टवेअरमधून टूलपाथ (कटरचा मार्ग) काढतो, पोस्ट प्रोसेसर त्याचा रोबोटच्या भाषेतला प्रोग्राम करतो.

अडचणी अशा. कटर सरळ उभा ठेवून वरून मारलेलं काम छान येतं, मीटरभरात पाऊण मिमीच्या आत. पण बाजूचा उतार कटर तिरका करून मारला की दोन कटांच्या जोडावर अडीच-तीन मिमीची पायरी येते. दुसरं, ठोकळ्याच्या साधारण मधोमध मनगट अचानक गर्रकन फिरतं, कटर तिथेच घोटाळतो आणि थर्माकोल वितळून खड्डा पडतो. कधी एरर देऊन थांबतोसुद्धा. तिसरं, फीड (कटर पुढे सरकायचा वेग) मिनिटाला १२ मीटर लिहिलंय, प्रत्यक्षात निम्माही मिळत नाही आणि वळणावर हात थरथरत जातो.

परवा मुलांनी ॲल्युमिनियमचा तुकडा लावून बघितला. तो आवाज ऐकून मी धावत जाऊन लाल बटण दाबलं. त्याबद्दलही सांगा.

चार महिने झाले, हप्ता सुरू झालाय. मला हे जमवायचंच आहे.

---

सेटर_चाकण

दादा, व्यवस्थित लिहिलंत त्यामुळे सोपं झालं. पायरीबद्दल माझा अंदाज जवळजवळ पक्का आहे, पण आधी तीन गोष्टी सांगा. टूलचं टोक म्हणजे टीसीपी कसं मोजलं, त्यात एरर किती दाखवली? मास्टरिंग, म्हणजे प्रत्येक सांध्याचा शून्य जुळवणं, कोणी केलं, कशाने केलं? स्पिंडल आणि ब्रॅकेटचं वजन कंट्रोलरमध्ये भरलंय का?

---

पॅटर्नशॉप

टीसीपी चार बिंदूंच्या पद्धतीने घेतला. कोलेटमध्ये (स्पिंडलची कटर धरायची पकड) ड्रिल धरलं, टेबलावर लाकडात खिळा ठोकला, चार बाजूंनी टोकाला टोक लावलं. एरर २.९ मिमी आली, सेव्ह करू दिलं म्हणून केलं. मास्टरिंगचं म्हणाल तर विकणाऱ्याने "ओके आहे" सांगितलं. सांध्यांवरच्या खुणा डोळ्याने जुळवल्या होत्या. वजन भरलेलं नाही, वेल्ड गनचंच जुनं असेल.

---

सेटर_चाकण

मग पायरी तिथेच आहे. जरा सविस्तर सांगतो, कारण हे नीट कळलं की पुढच्या निम्म्या अडचणी आपोआप सुटतात.

कटर पूर्ण जॉबभर एकाच कोनात असेल तर टीसीपीची चूक दिसत नाही. टोक खरं जिथे आहे त्यापेक्षा कंट्रोलर ते ३ मिमी बाजूला समजतोय, पण सगळीकडे तेवढंच आणि त्याच दिशेला. बेस (जॉबचा शून्य) तुम्ही त्याच चुकीच्या टोकाने घेतलाय, त्यामुळे चुकीला चूक जाऊन ती दिसत नाही. म्हणून उभा कट छान येतो. कटर तिरका केला की ती ३ मिमीची चूकही त्याच्याबरोबर फिरते आणि जोडावर पायरी बनून दिसते.

आता एरर २.९ का आली? थोडी ड्रिलमुळे. ड्रिलला टोक नसतंच, मध्ये छिन्नीसारखी धार असते. खिळ्याचं डोकंही तसंच. पण एवढी मोठी एरर नुसती त्याने येत नाही, मास्टरिंग सरकलेलं असणार. खुणा डोळ्याने जुळवणं म्हणजे हात कुठल्या बाजूला तोंड करून आहे एवढंच कळणं. सोपा हिशोब: दुसऱ्या अक्षात (सांध्यात) ०.०५ अंशाची चूक असेल तर २ मीटर लांब टोकाशी ती १.७ मिमी होते. ०.०५ अंश डोळ्याला दिसतो का?

तर क्रम असा धरा. आधी इलेक्ट्रॉनिक प्रोबने सहाही अक्षांचं मास्टरिंग. प्रोब विकत घेऊ नका, भाड्याने किंवा सर्व्हिसवाल्याबरोबर आणा, एका दिवसाचं काम आहे. मग स्पिंडल-ब्रॅकेट काट्यावर ठेवून वजन घ्या, गुरुत्वमध्य कॅडमधून काढा आणि भरा. मग लेथवर दोन टोकदार पिना टर्न करून घ्या, एक कोलेटसाठी, एक टेबलासाठी. पुन्हा चार बिंदू घ्या आणि चारही कोन एकमेकांपासून जेवढे वेगळे ठेवता येतील तेवढे ठेवा. लोक जवळजवळच्या चार कोनांत घेतात आणि एरर कमी दिसली म्हणून खूश होतात.

शेवटी खात्री करा: पिनेला पिन टेकवा आणि टूल कोऑर्डिनेटमध्ये ए, बी, सी एकेक करून ३०-४० अंश फिरवा. टोक किती भटकतं ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. तेवढीच पायरी जॉबवर येणार.

आणि एक सापळा. कुकामध्ये ए म्हणजे झेडभोवतीचा कोन, बी वायभोवती, सी एक्सभोवती. सीएनसीवर ए एक्सभोवती असतो. पाच अक्षांच्या मशीनवरून येणारा प्रत्येक माणूस इथे एकदा अडखळतो. पोस्टमध्ये हे बरोबर आहे का, तिरक्या कटचा एक छोटा प्रोग्राम हवेत चालवून तपासा.

---

टूलपाथ

सेटर दादांना पूर्ण अनुमोदन. मी तळेगावला एका ट्रिमिंग सेलवर ऑफलाइन प्रोग्रामिंग करते. मनगट फिरण्याबद्दल सांगते.

तुमचा स्पिंडल फ्लँजला काटकोनात आहे. म्हणजे कटर उभा खाली असेल तेव्हा फ्लँज आडवा बघतो. टेबलाच्या मध्यावर, मधल्या उंचीला, कोपरापुढचा हातही जवळजवळ आडवाच असतो. दोन्ही एका रेषेत आले की ए-५ (पाचवा अक्ष) शून्याजवळ जातो, ए-४ आणि ए-६ एकाच अक्षावर येतात. आता टोक जरासं पुढे न्यायचं तरी या दोघांना उलटसुलट खूप फिरावं लागतं. तुम्हाला दिसतं ते गर्रकन फिरणं हेच. कटरचं टोक तोवर जागेवर, स्पिंडल चालू, थर्माकोल वितळणारच. यात रोबोटचा दोष नाही, सहा अक्षांच्या मनगटाची भूमितीच तशी आहे.

यावर तुमच्या हातात एक मोकळी किल्ली आहे. मिलिंगला पाच अक्ष पुरतात, रोबोटला सहा आहेत. कटर स्वतःच्या अक्षाभोवती कितीही वळवला तरी कापण्यात फरक पडत नाही. तेव्हा कॅममध्ये टूलच्या झेडभोवती ३०-४० अंशांचा ठरावीक कोन द्या. फ्लँज बाजूला वळतो, ए-५ शून्यापासून लांब राहतो. कुठल्या कोनात पूर्ण टूलपाथ कुठल्याही अक्षाच्या मर्यादेला न लागता जातो ते सिम्युलेशनमध्ये बघा. रोबोडीके, स्प्रुटकॅम, पॉवरमिल, रोबोटमास्टर, सगळ्यांत ही सोय आहे.

पण आधी टीसीपी दुरुस्त करा. हा कोन दिलात की आज लपलेली चूक उभ्या कटमध्येही दिसायला लागेल.

पुढच्या वेळी ब्रॅकेट कराल तेव्हा ९० ऐवजी ४५ अंशांचं करा, उभ्या कामात ए-५ आपसूक मोकळा राहतो.

आता फीड. तुमच्या प्रोग्राममध्ये दोन बिंदूंमधलं अंतर किती आहे?

---

पॅटर्नशॉप

ताई, अर्धा मिमी. बारीक बिंदू म्हणजे चांगला फिनिश, असं व्हीएमसीच्या (उभ्या स्पिंडलचं सीएनसी मशीन) सवयीने ठेवलं होतं.

---

टूलपाथ

तिथेच अडलंय. केआरसी-२ दर १२ मिलिसेकंदांनी पुढची जागा काढतो. मिनिटाला १२ मीटर म्हणजे सेकंदाला २०० मिमी, म्हणजे एका फेरीत हात २.४ मिमी पुढे जायला हवा. त्या २.४ मध्ये तुम्ही चार-पाच बिंदू कोंबलेत. कंट्रोलरला ते गिळता येत नाहीत, तो वेग पाडतो, आणि वेग वरखाली होतो म्हणून हात थरथरतो.

कॅममध्ये अंतरावर बिंदू पाडू नका, टॉलरन्सवर (मूळ आकारापासून किती ढळलं तर चालेल त्यावर) पाडा. थर्माकोलला ०.१५ ते ०.२ मिमी भरपूर. सरळ भागात बिंदू शेकड्यांनी कमी होतील, गोलाईवर जिथे हवेत तिथे राहतील. प्रत्येक हालचालीला सी-डिस ही कमांड लावा म्हणजे बिंदूवर न थांबता तो कोपरा गोलवून पुढे जातो. गोलाईचं अंतर टॉलरन्सच्या जवळपास ठेवा, मोठं ठेवलंत तर धारा बोथट होतील.

वेगाचं एकक बघा: कुकाला सेकंदाला मीटर लागतात. १२ मीटर मिनिटाला म्हणजे ०.२. आणि टूलपाथच्या मध्येच स्पिंडल किंवा हवेचं आउटपुट लिहिलं असेल तर काढून सुरुवातीला न्या. साधं आउटपुट आलं की पुढचं वाचन थांबतं आणि हात त्या बिंदूवर ठक्कन उभा राहतो.

फाइल मोठी झाली तर जुन्या कंट्रोलरच्या मेमरीत बसत नाही. तुकडे करा आणि मुख्य प्रोग्राममधून एकामागून एक बोलवा. तुकडा तोडायची जागा मात्र कटर हवेत असतानाची घ्या.

---

वायरिंग_ते_व्हीएफडी

एकच गोष्ट. २४,००० आरपीएमचा स्पिंडल दोन पोलचा असेल तर ४०० हर्ट्झवर चालतो, चार पोलचा असेल तर ८०० वर. स्पिंडलला वीज देणारी ड्राइव्ह (व्हीएफडी) डब्यातून निघते तेव्हा बेस फ्रिक्वेन्सी ५० ला असते. तशीच ठेवली तर ५० हर्ट्झलाच पूर्ण व्होल्टेज जातं आणि वाइंडिंग जळतं. नेमप्लेटवरून भरा. स्पिंडलची केबल शील्ड असलेलीच घ्या, रोबोटच्या एन्कोडर केबलला चिकटवून नेऊ नका. अर्थिंग कंट्रोलरचं आणि ड्राइव्हचं एकाच पट्टीवर.

---

निगडीचा काका

तीस वर्षं मेंटेनन्स केला, त्यातली शेवटची बारा रोबोट लाइनवर. सगळ्यांनी कामाचं सांगितलं. पण धागाकर्त्याने एक वाक्य लिहिलंय: "मी धावत जाऊन लाल बटण दाबलं." म्हणजे मुलं हाताच्या पोहोचीत उभी होती. खरं सांगा, कुंपण आहे का? दाराला इंटरलॉक आहे का? की कंट्रोलरच्या एक्स-११ प्लगमध्ये तारा जोडून सेफ्टी बायपास केलीय?

राग मानू नका. जुने रोबोट बहुतेक असेच विकले जातात, आधी चालवून दाखवायचं म्हणून जंपर लावतात आणि तो तसाच राहतो.

---

पॅटर्नशॉप

काका, जंपर आहे. कुंपण नाही, पिवळा पट्टा ओढलाय.

---

निगडीचा काका

मग आजपासून ऑटोमध्ये एक फेरीही चालवू नका. हे मी हात जोडून सांगतो.

थर्माकोल मऊ आहे म्हणून भीती वाटत नाही, पण हात २१० किलो उचलणारा आहे. त्याच्या आणि भिंतीच्या मध्ये माणूस सापडला तर रोबोटला कळतही नाही. वर तुमचा कटर लांब असणार, थर्माकोलला २००-२५० मिमीचे कटर लावतात. लांब कटर पूर्ण आरपीएमला नेलात तर वाकून चाबकासारखा फिरतो आणि तुटून उडतो. उत्पादकाने जेवढी गती दिलीय तेवढीच. २४,००० स्पिंडलची मर्यादा झाली, कटरची वेगळी असते.

कुंपण फरशीला बोल्ट केलेलं, माणसाच्या उंचीपेक्षा वर. दाराला दोन चॅनलचा सेफ्टी स्विच, तो सेफ्टी रिलेवर, रिले एक्स-११ वर. दार उघडलं की रोबोट आणि स्पिंडल दोन्ही थांबले पाहिजेत. लोक रोबोट थांबवतात आणि स्पिंडल विसरतात. रिसेटचं बटण कुंपणाबाहेर, आत कोणी नाही हे दिसेल अशा जागी. नवा प्रोग्राम आधी टी-१ मध्ये, म्हणजे संथ चाचणीच्या मोडमध्ये. तिथे वेग सेकंदाला २५० मिमीच्या वर जात नाही आणि पेंडंटमागचं (हातात धरून रोबोट चालवायचा पॅनेल) बटण सोडलं किंवा घाबरून आवळलं तरी थांबतो. ते बटण रबर लावून बांधून ठेवलेलं मी पाहिलंय. तसं केलेल्या एका ठिकाणी आमचा एक मुलगा दोन बोटं गमावून बसला. तो आता कसा जेवतो ते मी बघतो, म्हणून एवढं लिहिलं.

---

पॅटर्नशॉप

काका, तुमचा प्रतिसाद मी शेडमध्ये सगळ्यांना वाचून दाखवला. मेन स्विचला कुलूप लावलंय, किल्ली माझ्या खिशात. फॅब्रिकेटरला माप दिलं. कुंपण झाल्याशिवाय इथे परत लिहिणार नाही.

---

मेकॅनिकल_शेवटचं_वर्ष

खूप शिकायला मिळतंय. एक शंका: रोबोट ०.०६ मिमीच्या आत येतो असं कॅटलॉगमध्ये असतं. मग ॲल्युमिनियम किंवा बीड (ओतीव लोखंड) का नाही करता येत?

---

सेटर_चाकण

तो आकडा पुनरावृत्तीचा आहे. शिकवलेल्या जागी रिकाम्या हाताने परत परत यायचं तर नवे रोबोट ±०.०६ मध्ये येतात. पण कॅममधून आलेला बिंदू त्याला कोणी शिकवलेला नसतो, तो गणिताने काढलेला असतो. तिथे अचूकता लागते, आणि गिअरमधली ढिलाई, हाताची झोळ, मास्टरिंग हे सगळं त्यात येतं. वेल्डिंग लाइनवर ऑपरेटर बिंदू शिकवतो म्हणून हा फरक कोणाला जाणवत नाही. मिलिंगला पहिल्याच दिवशी जाणवतो.

आणि खरा अडसर ताठरपणाचा. चांगली सीएनसी एक मायक्रॉन ढळायला ५० न्यूटनपेक्षा जास्त मागते. मोठा रोबोट १ न्यूटनही मागत नाही. अर्धा धरू. २०० न्यूटनचा कट घेतला तर व्हीएमसी ४ मायक्रॉन ढळते आणि रोबोट ४०० मायक्रॉन, म्हणजे ०.४ मिमी. शिवाय तो सगळीकडे सारखा ढळत नाही, हात पसरला की जास्त, जवळ घेतला की कमी. थर्माकोलमध्ये कटिंग फोर्स नगण्य, म्हणून तिथे तो राजा आहे.

पॅटर्नशॉप दादांनी ऐकला तो आवाज चॅटरचा, म्हणजे कापताना बसणाऱ्या हादऱ्यांचा. व्हीएमसीवर चॅटर किणकिणतो, रोबोटवर सेकंदाला १०-२० वेळा असा संथ, जड हादरा बसतो, अख्खा हात डुलतो. आरपीएम बदलून तो सहसा जात नाही, कारण स्पिंडल बिचारा ठीक असतो, डुलतो तो सांगाडा.

---

ट्रिमिंगवाला

थोडा मतभेद नोंदवतो. आम्ही हडपसरला रोबोटवर ॲल्युमिनियम करतो, रोज करतो. कास्टिंगच्या कडा, फ्लॅश (जोडावर आलेला जास्तीचा पातळ धातू), भोकांची साफसफाई. ६-८ मिमीचा कटर, गती जास्त, डेप्थ अर्धा मिमीच्या आसपास, जॉब रोबोटच्या छातीजवळ. डुलायला लागला तर कटची दिशा बदलतो. एकाच जॉबवर एका दिशेला हादरा आणि ९० अंश वळवून मारलं की शांत, असं अनेकदा होतं, कारण हात एका दिशेला ताठ आणि दुसरीला लवचिक असतो. टॉलरन्स ±०.३ च्या वर असेल तर मी हो म्हणतो. बोअर, बेअरिंगची बैठक, दोन शतांश वगैरे असेल तर सरळ व्हीएमसीवाल्याचा नंबर देतो.

---

सेटर_चाकण

हे अगदी बरोबर. माझं "नाही" बीड आणि स्टीलच्या रफिंगला आहे, ट्रिमिंगला नाही.

---

गणेशोत्सव_मंडळ

विषय थोडा वेगळा, पण विचारतो. मंडळाच्या देखाव्याची कमान अशा हातावर होईल का?

---

पॅटर्नशॉप

थर्माकोलच्या सजावटीवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, त्यामुळे ती मी करणार नाही. लाकूड किंवा फायबरच्या साच्याचं बोलायचं असेल तर गाळ्यावर या, काढू काहीतरी मार्ग.

आता माझा हिशोब. कुंपण झालं, दाराला स्विच, जंपर निघाला. दार उघडलं की स्पिंडलही थांबतो, मी स्वतः दहा वेळा उघडून बघितलं.

प्रोबवाला आला. ए-२ आणि ए-३ दोन्ही सरकलेले निघाले. स्पिंडल-ब्रॅकेट ४१ किलो भरलं, गुरुत्वमध्य टाकला. दोन पिना टर्न केल्या, शेजारच्या गाळ्यातून टोकं ग्राइंड करून आणली. टीसीपीची एरर २.९ वरून ०.७ वर आली. पिनेवर पिन ठेवून फिरवलं तेव्हा टोक जागच्या जागी घुटमळत होतं. ते बघायला बाबाही खुर्ची ओढून बसले.

कटर बदलला की काय करायचं, हा प्रश्न मला पडला होता, त्याचं उत्तर इथे लिहून ठेवतो, कोणाला तरी उपयोगी पडेल. पुन्हा चार बिंदू घेत नाही. पिनेची लांबी आणि नव्या कटरची लांबी एकाच हाइट गेजवर मोजतो, फरक टूलच्या लांबीच्या दिशेत मिळवतो.

टूलच्या झेडभोवती ३५ अंश दिले. मधोमध आता हात सरळ निघून जातो, ए-५ पूर्ण जॉबमध्ये २० अंशांच्या खाली येत नाही. टॉलरन्स ०.१५ वर बिंदू पाडले, फाइल आधीच्या दहाव्या हिश्शाची झाली आणि १२ मीटरचा फीड पहिल्यांदा खरोखर मिळाला. आवाजच बदलला. आधी खरखर यायची, आता कापड फाडल्यासारखा एकसलग येतो.

परवा पहिला पूर्ण पॅटर्न काढला, ग्राइंडिंग मशीनचा बेड. उताराच्या जोडावर ०.६ मिमी राहिलेत. फाउंड्री मशीनिंगसाठी काही मिमी ठेवतेच, तिथे हे खपतं. तिरके कट सगळे एकाच बाजूने मारले तर अजून कमी होईल असं वाटतं, बघतो.

मापं घ्यायला मी टेप काढला तर बाबांनी आतून त्यांची जुनी श्रिंकेजची पट्टी आणली. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी: बीड थंड होताना साधारण शंभराला एक आकसतं, म्हणून या पट्टीवरचा प्रत्येक सेंटिमीटर मुळातच तेवढा मोठा कोरलेला असतो. पॅटर्नमेकरला हिशोब करावा लागत नाही. कॅममध्ये मी मॉडेल १.०१ ने मोठं केलं होतं. माझ्या टेपवर १०१० आले. बाबांनी पट्टी लावली, चष्मा वर केला, अंगठ्याचं नख रेघेवर ठेवलं आणि म्हणाले, "हजार." मग पॅटर्नच्या कडेवरून हात फिरवत जोडाशी थांबले आणि ०.६ ची ती पायरी त्यांनी मी न सांगता बोटाने दाखवली. "हे कमी कर," एवढंच म्हणाले.

उद्या गुरुवार, लाइट नाही. शुक्रवारी दुसरा ठोकळा चढवतो, सगळे तिरके कट एका बाजूने. काका, एकदा येऊन सेफ्टीचं वायरिंग नजरेखालून घालाल का? गाडी पाठवतो.

---

निगडीचा काका

गाडी नको, दहा मिनिटांवर आहे. शुक्रवारी सकाळी नऊला येतो. मी येईपर्यंत टी-१ मध्येच ठेवा.